खुर्चीमागची जागा

"तू पानांमुळे हरत नाहीस, तोंडामुळे हरतेस," असं सासूबाई मला लग्नानंतरच्या पहिल्याच सुट्टीत म्हणाल्या होत्या. आम्ही पत्ते खेळत होतो. चांगलं पान आलं की माझ्या भुवया वर जातात आणि हुकूम संपले की मी खालचा ओठ चावते, हे त्यांनी दोन डावांत टिपलं होतं. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पुढे मुलगी बुद्धिबळ खेळायला लागली, मी तिच्याबरोबर स्पर्धांना जाऊ लागले, तेव्हा त्यांनी पुन्हा बजावलं, की पटाजवळ हे तोंड घेऊन उभी राहू नकोस. मी शिकल्या-सवरल्या सुनेच्या थाटात त्यांना समजावलं. आई, पत्त्यांत पानं लपलेली असतात म्हणून तोंड सांभाळावं लागतं. बुद्धिबळात सगळं पटावर उघडं असतं, दोघांना तेच दिसतं. मग तोंडावरून कळण्यासारखं उरतंच काय?

"बरं बाई," म्हणून त्यांनी लोकरीचा गुंडा उचलला. सासूबाईंचं 'बरं बाई' म्हणजे 'बघू या किती दिवस चालतंय' असं असतं.

मुलीला आम्ही घरात मुंगी म्हणतो. नववीत आहे, वर्गात सगळ्यांत बुटकी, आणि एकदा वाट धरली की सोडायची नाही अशी. जेवायलाही तितकाच वेळ लावते. ती खेळायला लागली तेव्हा मीही शिकले. तिला सोबत म्हणून शिकले असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं म्हणजे पोरगी कशात अडकते आहे ते आपल्याला कळत नाही, हे मला सहन होईना. मला जिंकायच्या युक्त्या कधीच सुचत नाहीत. पण काय बिघडू शकतं ते मात्र चटकन दिसतं. कॉलेजात संख्याशास्त्र शिकले. शक्यता मोजायच्या हे शिक्षण झालं. वाईट शक्यता आधी मोजायच्या हा मूळचा स्वभाव. धाकट्याला जिन्यावर सोडायच्या आधी मी तो कसा पडेल याचे प्रकार मनात मांडून घेते. पटाचंही तसंच. मुंगीच्या घोड्यावर संकट यायचं असलं की ते तिच्याआधी माझ्या पोटात येतं.

मुंगीच्या शाळेत बुद्धिबळ शिकवतात ते चित्रकलेचे सर. क्रीडाशिक्षकांनी 'हा बसून खेळायचा प्रकार माझ्याकडे नको' म्हटल्यावर ते यांच्या गळ्यात पडलं. सरांचा पालकांसाठी एकच कडक नियम होता: आपल्या मुलाच्या समोर उभं राहायचं नाही. मूल तुमच्याकडे बघत बसतं आणि त्याचा डाव जातो. राहायचंच असेल तर दोरीच्या बाहेर, त्याच्या पाठीमागे राहा. नियम इतका शहाणपणाचा वाटला की इतर शाळांनीही उचलला. त्यामुळे आमच्याकडच्या कुठल्याही स्पर्धेत गेलात तर हे दृश्य दिसायचं: पटांच्या लांब रांगा, आणि प्रत्येक मुलाच्या पाठीमागे, दोरीपलीकडे, त्याचे आई-बाप शाळेतल्या शिक्षेसारखे ताटकळत उभे. समोर कोण बसलंय आणि त्याला काय दिसतंय, याचा विचार आम्ही कुणीही केला नव्हता. सरांनीही नाही.

यंदाची स्पर्धा दुसऱ्या एका हायस्कुलाच्या सभागृहात होती. पहिल्या दोघांना पुढच्या मोठ्या स्पर्धेला पाठवणार होते, तिसरा राखीव. मुंगी गेल्या वर्षी थोडक्यात हुकली होती. पुढचं वर्ष शाळेचं शेवटचं, तेव्हा अभ्यासापायी पट कपाटात जाणार हे तिनंच ठरवून टाकलं होतं. यंदा नाही तर नाहीच. ती हे एकदाच बोलली, दप्तर भरताना. नंतर विषय काढला नाही, म्हणून मला जास्त काळजी.

धाकट्याला त्याच्या बाबांकडे सोडलं. सासूबाई म्हणाल्या, मी येते, घरी बसून विणायचं ते तिथे विणीन.

सकाळच्या फेऱ्यांत गमतीच फार झाल्या. गेल्या वर्षीचा विजेता, नुकती मिसरूड फुटलेला आणि तिच्यावरून सारखा बोट फिरवणारा एक मुलगा, पहिल्याच फेरीत आठवीतल्या एका चष्मेवाल्याकडून हरला. तो चष्मेवाला ऐनवेळी कुणाच्या तरी बदली आला होता. जिंकल्यावर त्यानं पंचबाईंना विचारलं, आता मी घरी जाऊ का? एका मुलीला शिंक आली, सावरायला हात पुढे गेला तो वजिराला लागला, आणि हात लावलेली सोंगटी हलवायलाच हवी म्हणून बिचारीचा चांगला चाललेला डाव गेला. पंचबाई हळहळल्या, पण नियम मोडला नाही. मधल्या रांगेत एक जण स्वतःची खेळी असतानाच डुलकी घेऊ लागला. त्याचं घड्याळ चाललेलं. समोरचा पोरगा इतका सज्जन, की खोकून-खोकून त्यानं त्याला उठवलं, आणि मग त्याच्याचकडून हरला. "असली माणसं हल्ली मिळत नाहीत," असं सासूबाई म्हणाल्या, आणि त्या हरलेल्या मुलाला त्यांनी डब्यातला लाडू दिला.

मुंगी मात्र एकेक डाव काढत होती. एक हरली, एक बरोबरीत सुटला, बाकीचे जिंकली. शेवटच्या फेरीला चित्र साफ होतं. चष्मेवाल्यानं पहिली जागा जवळजवळ खिशात घातली होती. दुसऱ्या जागेसाठी मुंगी आणि एक टोपीवाली मुलगी, आणि नेमक्या त्याच दोघी समोरासमोर. मुंगी अर्ध्या गुणानं पुढे होती. म्हणजे तिला बरोबरीही चालणार होती. हरली तर टोपीवाली जाणार.

टोपीवाली उंच, हाडकुळी, डोक्यावर राखाडी लोकरीची टोपी, ती भर दुपारीही काढलेली नाही. पट मांडताना तिनं मुंगीच्या बाजूचं एक कलंडलेलं प्यादंही सरळ करून दिलं. मुंगी तिच्याकडे बघून हसली. मला वाटलं, हसू नको गं, आधी खेळ.

मी मुंगीच्या पाठीमागे माझ्या जागी उभी राहिले. टोपीवालीच्या खुर्चीमागे कुणीच नव्हतं. दोरीपलीकडची तेवढीच जागा रिकामी, तोंडातला पडलेला दात दिसावा तशी.

डाव बराच वेळ शांत चालला. मग मुंगीनं उंट बाजूला नेला आणि काय बिघडलं ते मला लगेच दिसलं. उंट हलल्यामुळे तिचा घोडा उघडा पडला होता. टोपीवालीला ते दिसलं नव्हतं. तिचा हात दुसऱ्याच बाजूच्या हत्तीकडे निघाला होता. तो हवेत थांबला. तिनं मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. अगदी सवयीनं, रस्ता ओलांडताना सिग्नलकडे बघावं तसं. मी ओठ चावत होते. तिनं हात मागे घेतला, पटावर नजर खाली नेली, आणि शोधू लागली. हरवलेली किल्ली घरातच आहे हे एकदा कळलं की माणूस शोधतो, तसं.

घोडा सापडला. घोडा गेला.

तिथे उभ्या उभ्या मला सकाळपासूनच्या सगळ्या डावांचा हिशेब लागला. हरलेल्या डावातल्या मुलानंही मधूनमधून वर पाहिलं होतं. बरोबरीत सुटलेल्या डावातल्या मुलीनंही. मला वाटलं होतं, विचार करताना मुलं अशीच वर बघतात, काहीजण छताकडे बघतात, काही माझ्याकडे. सरांच्या नियमानं मी मुंगीच्या डोळ्यांसमोरून हटले होते आणि तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांसमोर जाऊन उभी राहिले होते. धोक्याची घंटाच, आणि तीही शत्रूच्या दारात बांधलेली.

मी मागे बाकावर सासूबाईंपाशी गेले आणि हळू आवाजात सांगितलं. त्यांनी 'सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. तेवढं मन मोठं आहे त्यांचं. फक्त टाके मोजायचे थांबवले.

"मग आता उलटं कर," त्या म्हणाल्या. "काही नसेल तिथे घाबर. पत्त्यात आम्ही असंच करायचो."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मोह झाला. टोपीवालीनं हत्ती उचलावा आणि मी उगाच छातीवर हात ठेवावा. ती बसेल शोधत. पण मग मी प्रेक्षक कुठली, तिसरी खेळाडूच की. शिवाय मला ते जमलंही नसतं. खोटं घाबरायचं तर आधी खरं घाबरणं थांबवावं लागतं, आणि तो भाग माझ्या हातात नाही.

मी परत जागेवर गेले आणि दोरीकडे पाठ करून उभी राहिले. समोर भिंतीवर शाळेच्या जुन्या गटांचे फोटो होते. त्यातल्या मुलांचे दात आणि भांग बघत मी उभी. शेजारच्या एका बापानं विचारलं, बरं वाटत नाहीये का? मी म्हटलं, मान अवघडली.

सासूबाई उठून माझ्या शेजारी आल्या, तोंड पटाकडे करून, विणकाम हातातच. त्यांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही. त्या मला सांगू लागल्या, ताटात काय वाढलंय ते सांगावं तसं. तिचं काळं कमी झालं. आपलंही पांढरं कमी झालं. टोपीवाली वर बघतेय. तू नाहीस म्हटल्यावर माझ्याकडे बघतेय. बघ म्हणावं, माझ्या तोंडावर काय मिळणार, मी टाके मोजतेय.

मी हसू आवरलं. मग त्यांचा आवाज बदलला.

"आता मुंगी ते मोठं सोंग कोपऱ्यात नेतेय, डोक्यावर खूण आहे ना, ते. एकेक घर. घाबरली बहुतेक."

राजा कोपऱ्यात. माझं मन धावायला लागलं. कोपऱ्यातला राजा म्हणजे मात. टोपीवालीचं एक प्यादं पलीकडच्या टोकाला पोहोचून त्याचा वजीर झाला असणार, नाहीतर मुंगी एवढी मागे कशाला सरली असती? मला वळून बघायचं होतं. मानेच्या शिरा खरंच अवघडल्या. मी फोटोतल्या एका मुलाच्या कॉलरकडे बघत राहिले आणि मनात म्हणत राहिले, की तू वळलीस तर ती ओठांवरून सगळं वाचेल. एवढं सोपं काम आजवर मला कुणी दिलं नव्हतं, फक्त उभं राहायचं, आणि तेच होईना.

सासूबाई म्हणाल्या, टोपीवाली आता बघतही नाही वर. घाईत आहे. मुंगीचं एकच छोटं सोंग उरलंय, तिकडे दूर. ते टोपीवालीच्या घोड्यानं खाल्लं. झालं वाटतं. थांब. दोघीही गप्प बसल्यात. मुंगीनं हात वर केला, पंचबाईंना बोलावतेय.

"काय झालं?" मी भिंतीला विचारलं.

"मला काय ठाऊक? पण टोपीवालीनं टोपी डोळ्यांवर ओढली."

तेव्हा मी वळले. मुंगीचा राजा कोपऱ्यात होता. समोरच्या वजिरानं त्याची आजूबाजूची सगळी घरं अडवलेली, पण राजाला शह मात्र नव्हता. दुसरी हलवायला एकही सोंगटी शिल्लक नाही. शेवटचं प्यादं टोपीवालीनं नुकतंच खाल्लं होतं. शह नाही आणि खेळीही नाही, अशा वेळी डाव बरोबरीत सुटतो. ते प्यादं तिनं नुसतं सोडून दिलं असतं तर पुढच्या दोन खेळ्यांत मात होती. पंचबाईंनी पट नीट बघितला, दोघींकडे बघितलं आणि बरोबरी लिहिली.

मुंगी दुसरी आली. टोपीवाली तिसरी, राखीव.

फळ्यापाशी गर्दी झाली. सरांनी मुंगीच्या पाठीवर थाप मारली तेव्हा तिचा चष्मा नाकावर घसरला. मला आनंद झाला होता, खूपच. पण तो पूर्ण गिळता येईना. घोडा माझ्या तोंडामुळे गेला आणि मी तोंड फिरवल्यावर अर्धा गुण परत आला. हिशेब फिटला असं संख्याशास्त्र सांगत होतं. फक्त त्यात एक मुलगी मधल्यामध्ये उरली होती, आणि तिच्या खुर्चीमागची जागा शेवटपर्यंत रिकामीच होती.

ती पाण्याच्या नळांपाशी पायरीवर बसलेली सापडली. रडत नव्हती. बाटलीचं झाकण लावत होती, काढत होती. मी विचारलं, घरून कुणी येणार आहे का? ती म्हणाली, आई नर्स आहे, तिची ड्युटी सुटली की येईल. शाळेच्या व्हॅननं सकाळी सोडलं होतं. काही खाल्लंस का, यावर तिनं खांदे उडवले. मी डबा पुढे केला. तिनं एक तुकडा घेतला आणि मग, बहुधा मी तिथून हलत नाही असं बघून, म्हणाली,

"काकू, तुम्ही मध्येच पाठ का केलीत?"

"तू माझं तोंड वाचत होतीस म्हणून."

"हो," ती म्हणाली. लाजली नाही. "घोडा त्यामुळेच दिसला. पण नंतर मी त्यासाठी बघत नव्हते."

"मग?"

"सगळ्यांचं कुणीतरी समोर दिसत होतं. माझं कुणी नाही, म्हणून मी तुमच्याकडे बघायचे. तुम्ही फार घाबरता. माझी आई पण तशीच घाबरते. बरं वाटायचं."

मी डबा पुन्हा तिच्यापुढे केला. सासूबाई मागून आल्या होत्या. त्यांनी तिच्या डोक्याकडे बघत विचारलं, ही टोपी कुणी विणली? आईनं, ती म्हणाली, रात्रपाळीत. "हात चांगला आहे," सासूबाई म्हणाल्या, "पण कडेचा टाका सुटलाय. असाच राहिला तर सगळी उसवेल. दे इकडे." मुलीनं दिवसभरात पहिल्यांदा टोपी काढली. केस टोपीनं चपट झालेले. सासूबाईंकडे राखाडी लोकर नव्हती, पिवळी होती. त्या पायरीवर तिच्या शेजारी बसल्या आणि तिची आई येईपर्यंत आरामात एकेक टाका घालत राहिल्या. मुंगी येऊन दुसऱ्या बाजूला बसली आणि दोघी हवेत बोटांनी डाव पुन्हा खेळू लागल्या. त्या प्याद्याला हात लावला नसतास तर, असं मुंगी म्हणत होती. टोपीवाली म्हणत होती, गप गं.

आई आली ती धापा टाकतच, गणवेशावर स्वेटर चढवलेला. आल्याआल्या तिनं लेकीच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. ताप नव्हता. मी तिला चटकन ओळखलं, आरशात बघितल्यासारखं.

परतताना बसमध्ये मी मुंगीला सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तू मागे उभी राहून घाबरतेस ते. समोरचा वर बघून थांबला, की मला कळायचं, आई घाबरली. मग मीही शोधायचे कुठे काय बिघडलंय. कधी मला आधी सापडायचं, कधी त्यांना. आज घोडा तिला आधी सापडला."

सासूबाई इतक्या हसल्या की सुई हातातून पडली. म्हणजे पोरगी माझ्या तोंडाचं प्रतिबिंब समोरच्या तोंडात बघत होती, इतके दिवस, आणि मला पत्ताच नाही. मी विचारलं, मग राजा कोपऱ्यात का नेलास? ती म्हणाली, तू पाठ फिरवल्यावर टोपीवाली वर बघायची आणि तिला काही मिळायचं नाही. मग तिचं तोंड तुझ्यासारखं झालं. म्हटलं, आता ही एकटी पडली, घाई करणार. म्हणून कोपऱ्यात जाऊन बसले आणि प्यादं पुढे ठेवलं.

तिनं हे अगदी शांतपणे सांगितलं. उतरायच्या आधी म्हणाली, "पुढच्या वेळी तू नको येऊस. मला बघायचंय, मी नुसती एकटी कशी खेळते."

म्हणून मी मोठ्या स्पर्धेला जाणार नाही. सर सोबत आहेत, मुंगीची काळजी मी घरी बसूनच करीन, ते कुठूनही जमतं. पण राखीव म्हणून टोपीवालीही तिथे असेल, आणि तिच्या आईला त्या दिवशीही सुट्टी मिळेल असं दिसत नाही. सरांना मी सांगितलंय, पण त्यांच्यामागे पोरांचा घोळका असतो. तुमच्यापैकी कुणाचं मूल त्या स्पर्धेला असेल, तर एवढं करा: आपल्या मुलाच्या खुर्चीमागे जरा कमी उभं राहा, आणि तिला शोधा. राखाडी टोपी, कडेला पिवळे टाके. खाल्लंय का विचारा. तिचा डाव लागला, तर तिच्या पाठीमागे नको, थोडं बाजूला, तिला मान वर केली की दिसेल असं उभं राहा. घाबरलात तरी चालेल, तिला सवय आहे.